एकेचाळीस धोके आणि एक भरती

समुद्रकिनारी तंबूत राहायला जायची तयारी आमच्या घरात चार आठवडे चालली आणि प्रत्यक्ष तंबूत आम्ही चाळीस मिनिटं राहिलो. तयारी संपूर्णपणे माझी होती. चाळीस मिनिटंही माझीच, पण त्यांच्याकडे मी सावकाश येतो.

आधी माझी ओळख. मी तळोज्याच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. लोकांनी हेल्मेट घातलंय का, बूट घातलेत का, उंचावर चढताना पट्टा लावलाय का, हे बघायचं आणि नसेल तर ओरडायचं, असं हे काम. एकवीस वर्षं ते केल्यामुळे मला घरातही प्रत्येक वस्तूत अपघात दिसतो. कुकरची तिसरी शिट्टी झाली की मी आपोआप स्वयंपाकघराबाहेर येतो. (माझी बायको मनीषा म्हणते की हा सेफ्टीचा भाग नाही, कांदा चिरायला लागू नये याचा आहे. असो.)

पनवेलजवळ विचुंब्याच्या एका नव्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर आम्ही चौघं राहतो. मी, मनीषा, आमची मुलगी ऋचा आणि माझे वडील. वडिलांना घरात सगळेच आबा म्हणतात. उरणकडच्या आमच्या गावी त्यांचं सगळं आयुष्य मिठागरात गेलं. मिठागरं प्रकल्पात गेली आणि आबा आमच्याकडे राहायला आले. ते फार कमी बोलतात. पण जे बोलतात ते खरं ठरतं, आणि माझ्या दृष्टीनं हाच त्यांचा मोठा दोष आहे.

ऋचा सातवीत असताना मी तिला शब्द दिला होता की तुला समुद्रकिनारी तंबूत राहायला नेईन. आठवीच्या सुट्टीत कारखान्याचं शटडाऊन निघालं. नववीच्या सुट्टीत आम्ही सामानासकट खाली गाडीपर्यंत पोचलो, तेव्हा आबा वर आभाळाकडे बघून एवढंच म्हणाले, "वारा फिरला हाय. पाऊस येल." मे महिना, वर ढगाचा ठिपका नाही! मी हसलो. पेण येईपर्यंत गाडीचे वायपर कमी पडायला लागले आणि आम्ही वडे खाऊन परत आलो. ऋचा रस्ताभर खिडकीबाहेर बघत होती.

या वर्षी तिची दहावीची परीक्षा संपली. मनीषाचा भाऊ प्रसाद कळंबोलीला राहतो. तो दरवर्षी कुठल्या तरी डोंगरावर जातो आणि ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, ठरल्या रंगाचं जॅकेट घालून परत येतो. त्यानं ऋचाला विचारलं, "माझ्याबरोबर येतेस का हिमाचलला?" ऋचा माझ्याकडे आली.

"पप्पा, या वर्षी जमणार नसेल तर आत्ताच सांगा. मी मामाबरोबर जाते. मला राग नाही."

राग नाही! ती चिडली असती, रडली असती तरी मला चाललं असतं. 'मला राग नाही' हे मात्र चालण्यासारखं नव्हतं. सोळा वर्षांच्या मुलीनं बापाकडून अपेक्षा ठेवणं बंद केलं, याचा तो दाखला होता. मी तिथल्या तिथे सांगितलं, "चोवीस एप्रिल. तंबू, समुद्र, सगळे जण. ठरलं."

"नक्की?"

"नक्की."

त्याच संध्याकाळी मी कुटुंबाची बैठक बोलावली आणि पहिला ठराव मांडला, की या सहलीचं सगळं नियोजन मी करणार आणि आपण परत येईपर्यंत आबांनी या विषयावर एक शब्दही बोलायचा नाही.

"अहो, असं काय बोलता वडिलांना?" मनीषा म्हणाली.

"मागच्या वेळी ते बोलले म्हणून आपण परत आलो."

"ते बोलले म्हणून नाही, पाऊस आला म्हणून आलो."

"पण आधी कोण बोललं?"

आबांनी चहाची बशी खाली ठेवली. "बरं," ते म्हणाले. आमच्या घरात दिलेला शब्द पाळणारा एकच माणूस आहे आणि तो मी नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

मग मी कामाला लागलो. कारखान्यात कुठलंही नवं काम सुरू करायच्या आधी आम्ही धोक्यांची यादी करतो. तशी मी सहलीची केली, एक्सेलमध्ये, रंग भरून. उष्माघात, साप, विंचू, भटकी कुत्री, शेगडीचा भडका, शिळे मासे, डोक्यात नारळ पडणे, वाळू डोळ्यांत जाणे, ऋचाने मोबाइल बघत चालणे. एकंदर एकेचाळीस धोके निघाले. प्रत्येकापुढे उपाय आणि जबाबदार व्यक्ती. (जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात तेहतीस ठिकाणी मनीषाचं नाव होतं. ती यादी तिनं वाचली, घडी घातली आणि फ्रीजवर पडलेल्या पंख्याच्या वॉरंटीच्या कागदांत ठेवून दिली. मी दुसरी छापली.) आता मागे वळून बघताना एक गोष्ट खटकते. समुद्रकिनाऱ्याच्या त्या एकेचाळीस धोक्यांत समुद्र कुठेच नव्हता! पण तो मला धोका वाटलाच नाही. समुद्र आमचा, घरचा.

पुढची पायरी तालमीची. नवा तंबू घेऊन मी रविवारी सकाळी सोसायटीच्या गच्चीवर गेलो. एप्रिल महिना, सगळ्या बिल्डिंगचं वाळवण वर पसरलेलं. साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस, कुरडया. मी मधल्या मोकळ्या जागेत तंबू उभा केला आणि दहा मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वर आल्या.

"तुमच्या तंबूची सावली माझ्या पापड्यांवर पडतेय."

मी तंबू सरकवला. सावली बटाट्याच्या किसावर गेली. किसाच्या मालकीणबाई वर आल्या. मी पुन्हा सरकवला. एव्हाना ऊन सरकलं होतं, त्यामुळे सावली आपण होऊन पुन्हा पापड्यांवर आली! शेवटी सेक्रेटरी आले.

"गच्चीवर वास्तव्य करता येत नाही. नियम आहे."

"वास्तव्य नाही, तालीम आहे."

"तालीम कसली?"

"वास्तव्याची."

त्यांनी हात टेकले. अशा एकंदर अठरा तालमी झाल्या. पहिल्या दिवशी तंबू उभा करायला बावन्न मिनिटं लागली होती, अठराव्या दिवशी अकरा. मी शिट्टी वाजवायचो, मनीषा दांड्या जोडायची, ऋचा दोऱ्या ताणायची आणि आबा टाकीच्या सावलीत बसून काकूंच्या पापड्यांवरचे कावळे हाकायचे. ऋचा हसायला लागली होती. मैत्रिणींना फोनवर "आमची आज तिसरी प्रॅक्टिस" असं सांगताना मी ऐकलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

जागा अलिबागच्या पुढची, सुरूच्या बनातली. तिथला कॅम्प ताराबाई नावाच्या बाई चालवतात. मी फोन लावला.

"मावशी, आम्हाला अगदी समुद्रासमोर तंबू लावायचाय."

"लावा की. सुरूत जागा हाय. तितून दर्या दिसते."

"सुरूत नको. मधे झाडं नकोत. पुढे, वाळूवर."

"वालूवर नाय लावत आमी कोनाचा. उधानाचं पानी येतं."

मला हसू आलं. "मावशी, आम्ही उरणकडचे. माझ्या वडिलांचं आयुष्य मिठागरात गेलंय. भरती-ओहोटी आम्हाला शिकवायला लागत नाही."

पलीकडून आवाज एकदम मऊ झाला. "मिठागरवालं का? मंग तुमी आपलीच मानसं. तुमाला काय सांगायचं! लावा कुठं लावायचा तिथं."

आता हे मी थोडं समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. आमच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची एक जुनी रीत आहे. त्या दिवसाचा आकडा घ्यायचा, त्याचा पाऊणपट करायचा, की पूर्ण भरती किती वाजता ते निघतं. लहानपणी आबा मिठागरात जायच्या आधी बोटांवर हा हिशोब करायचे. मला तो पाठ होता. निदान मला तसं वाटत होतं.

निघायच्या आदल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभा राहिलो. दिवसही आयताच चांगला निघाला होता. तेवीसला हनुमान जयंती, म्हणजे पौर्णिमा. चोवीसला टिपूर चांदणं मिळणार.

"चोवीसचा पाऊणपट अठरा," मी मोठ्यानं म्हणालो. "अठरा म्हणजे संध्याकाळचे सहा. पूर्ण भरती संध्याकाळी सहाला. आपण सकाळी पोचणार, दिवसभर वाळूवर. पाच वाजता तंबू उचलून मागे. फक्कड!"

"अहो, मोबाइलवर भरतीच्या वेळा मिळतात. एकदा बघून घ्या ना," मनीषा म्हणाली.

"मिठागरवाल्याच्या मुलानं भरती मोबाइलवर बघायची?"

"त्यात कमीपणा कसला?"

मागून खुर्ची करकरली. आबांनी तोंड उघडलं होतं.

"आबा," मी बोट वर केलं. "ठरलंय आपलं."

आबांनी तोंड मिटलं. माझ्याकडे बघितलं, मग कॅलेंडरकडे, मग उठून गॅलरीत गेले.

चोवीसला सकाळी साडेसहाला निघालो. निघताना मनीषानं गाडीत पोळपाट ठेवला.

"कॅम्पिंगला पोळपाट कशाला?"

"मग पोळ्या काय तुमच्या एक्सेलवर लाटू?"

शिरढोण मागे पडेपर्यंत आमचं पोळपाटावरच चाललं होतं. त्यानंतर रस्ताच असा होता की भांडायला एका जागी स्थिर बसता येईना. वाटेत मिसळ, मग ट्रॅफिक, मग ऋचाला उलटी (धोका क्रमांक सहा, उपाय आवळासुपारी, जबाबदार व्यक्ती मनीषा). दहा वाजता पोचलो.

किनारा बघून मी खूश झालो. पाणी लांब होतं आणि मधे नुसती लखलखीत वाळू. सुरूच्या बनापासून चांगली साठ पावलं पुढे जाऊन मी टाच रोवली. "इथे!"

ताराबाई डोक्यावर पदर घेऊन आल्या. वाळूकडे, पाण्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत म्हणाल्या, "दादा, आज पानी मोटं हाय."

"ठाऊक आहे, मावशी. संध्याकाळी सहाला."

"सहाला?" त्यांनी वळून आबांकडे बघितलं. मिठागरात राबलेला म्हातारा माणूस त्यांना लांबूनही ओळखू आला असणार. आबा आभाळाकडे बघत होते. "बाबा काय बोलत नाय, म्हंजे बराबरच असंल," असं पुटपुटत त्या गेल्या. अशा रीतीनं आबांचं मौन माझ्या हिशोबावरचा शिक्का ठरलं!

एवढ्यात पुण्याचं एक कुटुंब आलं. नवरा-बायको आणि दोन मुलं. त्यांना ताराबाईंनी सुरूत जागा दिली होती. पण आमचा तंबू पुढे लागतोय हे पाहून ते गृहस्थ माझ्याकडे आले. डोक्यावर पांढरी टोपी, पायांत मोजे.

"इथे लावता येतो का तंबू? सुरक्षित आहे?"

"मी सेफ्टी ऑफिसर आहे," मी म्हणालो.

तेवढं त्यांना पुरलं. माझ्या शेजारी, माझ्यापेक्षा दोन पावलं पुढे, त्यांनी आपला तंबू ठोकला.

गच्चीवर अकरा मिनिटांत उभा राहणारा तंबू वाळूत उभा राहीना. तंबूबरोबर आलेल्या बारीक खुंट्या वाळूतून लोण्यातून निघाव्यात तशा निघत होत्या. पण मी ही शक्यता धरली होती (धोका क्रमांक नऊ, वारा). हार्डवेअरच्या दुकानातून मी दीड दीड फुटाचे लोखंडी गज आणले होते. ते घणानं डोक्यापर्यंत ठोकले आणि त्यांना नायलॉनच्या दोरीनं चौफेर गाठी मारल्या. अकरा वाजून वीस मिनिटांनी तंबू उभा राहिला. ऋचा आत शिरली, आडवी झाली आणि आतूनच ओरडली, "पप्पा, लाटांचा आवाज अगदी कानाशी येतोय!"

तो कानाशी का येतोय याचा विचार मी केला नाही. मी तिच्याकडे बघत होतो. चार वर्षांचा शब्द एकदाचा पाळला होता आणि माझे डोळे खरोखर भरून आले होते.

आबांनी आपली प्लास्टिकची खुर्ची तंबूपासून दहा पावलं मागे मांडली होती. थोड्या वेळानं पाहिलं तर ती वीस पावलं मागे होती. मग तीस. मधेच ते उठले, मनीषाची शेगडी उचलून सुरूत ठेवून आले. मग कणकेचा डबा, मग पोळपाट, मग कपड्यांच्या बॅगा, एकेक करून.

"आजोबा, तुम्ही सारखे मागे मागे का जाताय?" ऋचानं विचारलं.

"मना बोलायची बंदी हाय गो. तुजे बापाला इचार."

ऋचा माझ्याकडे आली. "पप्पा, आजोबा सामान मागे नेतायत."

"ऊन लागत असेल त्यांना," मी म्हणालो. "बस इथे. आता ब्रीफिंग आहे."

मी समुद्राकडे पाठ करून उभा राहिलो. समोर चटईवर मनीषा आणि ऋचा. पुण्याचं कुटुंबही कुतूहलानं येऊन बसलं. हातात चार पानी छापील यादी.

"धोका क्रमांक एक. उष्माघात. दर अर्ध्या तासानं पाणी."

पुण्याच्या बाईंनी मान डोलावली. माणसं लक्ष देऊन ऐकत असली की मला उत्साह येतो. बारा वाजेपर्यंत मी सतराव्या धोक्यावर आलो.

"सतरा. डोक्यात नारळ पडणे."

"इथे नारळ कुठेय?" मनीषानं विचारलं.

"नसला तरी सवय असावी."

"पप्पा, मागे..." ऋचा म्हणाली.

"प्रश्न शेवटी."

"पप्पा, अहो, मागे..."

"ऋचा! कारखान्यातले कामगारसुद्धा मधे बोलत नाहीत."

"अहो, मागे बघा!" मनीषा ओरडली.

"मागे काय बघू? मागे समुद्रच आहे ना!"

आणि तो होताच. पहिल्या लाटेनं माझ्या टाचा भिजवल्या. "एखादी लाट येतेच," मी शांतपणे म्हणालो. दुसरी पोटऱ्यांपर्यंत आली. तिसरी चटई घेऊन गेली आणि चटईवर बसलेल्या पुण्याच्या गृहस्थांनाही चार हात घेऊन गेली. ते बसल्या जागी वळले आणि मोजे वर धरून ओरडले, "अहो सेफ्टी! सहाला येणार होतं ना?"

"लवकर आलंय!" मी ओरडलो.

मी शिट्टी वाजवली. "तंबू काढा!" आणि त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की अठरा तालमींमध्ये आम्ही तंबू लावायला शिकलो होतो, काढायला नाही. गच्चीवरचा तंबू रोज संध्याकाळी वॉचमन काढायचा! गज वाळूत डोक्यापर्यंत गेलेले, वर पोटरीभर पाणी, नायलॉनच्या गाठी भिजून दगड झालेल्या. मी एका गजाला धरून ओढत होतो, मनीषा मला धरून ओढत होती. तंबूत पाणी शिरलं, तंबू फुगला आणि उकडायला ठेवलेल्या मोठ्या मोदकासारखा डुलायला लागला. पुण्याचा तंबू हलका होता. तो सरळ निघाला आणि त्यामागून दोन्ही मुलं आनंदानं किंचाळत धावली. माझी यादी पाण्यावर पसरली होती. रंग विरघळून एकेचाळीस धोके अलिबागच्या दिशेनं निघाले होते.

"आबा!" मी किनाऱ्याकडे बघून ओरडलो. "बोला ना काहीतरी!"

आबा सुरूच्या कडेला खुर्चीत बसले होते. "बोलू? बंदी उठली?"

"उठली! उठली!"

आबा सावकाश उठले. पाण्यापर्यंत आले. "तारीख नाय रं हेमंता, तिथी! तिथीची पाऊणकी करायची. काल हनुमान जयंती झाली, पुनव. आज पाडवा, म्हंजे पयली तिथी. एकाची पाऊणकी किती?"

"पाऊण," मी म्हणालो. माझ्या तोंडात वाळू होती.

"मंग भरती पाऊण वाजता. अजून पाऊण तास चढंल. दर्याला तारीख कवा कळली?"

म्हणजे चांदणं मी तिथीवर बघितलं होतं आणि समुद्र तारखेवर! आणि काल देवळात हनुमान जयंतीचा सुंठवडा खाल्ला होता. दोनदा.

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तू बोल्लास, एक शबूद नाय बोलायचा. मी बरं बोल्लो." आबांनी वाकून, घाई न करता, खिशातल्या चाकूनं एक दोरी कापली, मग दुसरी. "गुडघ्याचे वर पानी चढत नाय इथं, मना ठावं. कोन बुडनार नवतं. तुजी ऐट तेवडी बुडनार होती. ती बुडूं दे बोल्लो."

तंबू सुटला. पण सुटताना त्याच्या दोन दांड्या मोडल्या आणि कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलं. आम्ही ते ओढत वर आणलं. मी सुरूखाली बसलो, अंगातून पाणी गळतंय, कानात वाळू. पुण्याचे गृहस्थ मोजे पिळत माझ्या समोरून गेले. ताराबाई चहा घेऊन आल्या. "बाबा बोललं नाय म्हनून मी गप ऱ्हायले वं," त्या मला समजावत म्हणाल्या. त्यांचे भाड्याचे तंबूही त्या दिवशी भरलेले होते.

मला ऋचाकडे बघवत नव्हतं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा. उद्या ती प्रसादला फोन करणार, आणि तिला राग नसणार. मी सगळं धैर्य गोळा करून तिला शोधायला उठलो.

ती सुरूच्या बनात आबांबरोबर होती. ताराबाईंकडून आबांनी चार बांबू, सुंभ आणि नारळाच्या झावळ्या मागून घेतल्या होत्या. मिठागरात राखणीला राहताना ते जशी खोप बांधायचे तशी ते बांधत होते. फाटलेल्या तंबूचं कापड त्यांनी आत अंथरलं होतं. ऋचा सुंभ ताणून धरत होती आणि ते तिला गाठ शिकवत होते.

"मग उद्या द्वितीया, आजोबा. दोनाची पाऊणकी दीड. म्हणजे उद्या दीड वाजता?"

"बराबर."

"आणि अष्टमीला सहा?"

"बराबर! पन अष्टमीला पानी लय चढत नाय, भांगाची भरती ती." आबांना इतकं सलग बोलताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मला जो हिशोब पंचेचाळीस वर्षांत जमला नाही तो ऋचाला दोन गाठींत जमला होता. मी एक झावळी उचलून त्यांच्या हातात द्यायला गेलो. आबांनी ती घेतली, उलटी करून सुलटी केली आणि मगच लावली.

दुपारी चारपर्यंत खोप उभी राहिली. मनीषानं कोरड्या शेगडीवर, कोरड्या पोळपाटावर पोळ्या केल्या आणि पोळपाटाबद्दल एक अक्षरही बोलली नाही, हे तिचे उपकार. पुण्याच्या मुलांनी आमच्याच खोपीत जेवायचा हट्ट धरला. मुलांनी पकडून आणलेला आपला तंबू सुरूत लावून त्यांचे वडीलही आले. पाच वाजता ओहोटीला लागलेलं पाणी बघत ते आबांना विचारत होते, "उद्या किती वाजता म्हणालात?" माझ्याकडे मात्र त्यांनी पाठ केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या वेळी ऋचा खोपीतून बाहेर आली. केसांत झावळीचे तुकडे, नाकावर ऊन लागून सोलपटलेली कातडी. मी गाडीत सामान भरत होतो. मी म्हटलं, "ऋचा, मला माफ कर. पुढच्या वर्षी तू मामाबरोबर जा. मला राग नाही."

"नको," ती म्हणाली. "मी तुमच्याबरोबरच येणार. दरवर्षी."

मी बॅग खाली ठेवली. "खरंच? का गं?"

"मामाच्या ट्रेकला सगळं ठरल्यासारखंच होतं, पप्पा. परत आल्यावर मैत्रिणींना सांगायला काहीच उरत नाही."

हे कौतुक होतं असं मी धरून चाललो आहे. मनीषाला मी विचारलेलं नाही.